खुंटीवरचे सात कोट

"दुसऱ्याच्या घरी गेलीस की उंबऱ्याबाहेर उभी राहा. आत बोलावलं तर जा, आणि गेलीस तरी नजर खाली ठेव," असं सासूबाईंनी टिटवीला बजावलं होतं. टिटवीनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. एक तर सासूचं बोलणं, त्यात सकाळची घाई, कडेवर दहा महिन्यांची लेक आणि हातात मदत समितीचा कोरा करकरीत तक्ता. समाजशास्त्रात पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला लोकांची घरं कशी पाहायची हे एका निवृत्त नर्सनं शिकवायचं म्हणजे जरा अतिच झालं.

टिटवी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे, नवऱ्यानं पाडलेलं. टिटवी म्हणे झोपताना पाय आभाळाकडे करून झोपते. आभाळ कोसळलंच तर कुणीतरी तोलून धरायला हवं ना! हिचंही तेच. लेक नुसती शिंकली तरी हिचे पाय वर. दुधाची बाटली तीनदा उकळायची, पाहुण्यानं बाळ मागितलं की आधी त्याची नखं बघायची. बाळाच्या निळ्या दुपट्याला एका कोपऱ्यात बोटभर भोक पडलं होतं, तर त्याच्या सुट्या दोऱ्यात पोरीचं बोट अडकून काळंनिळं पडेल या धास्तीनं ती दिवसातून चार वेळा तो कोपरा चाचपायची. दुपटं बदलायचं मात्र तिच्या हातून होत नव्हतं, कारण त्याशिवाय पोर झोपत नसे.

"अहो आई, बायबलातलं ते वचन गहाण मागायला जाणाऱ्यासाठी आहे," टिटवी पायात चपला सरकवत म्हणाली. "उसनं देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या घरात शिरायचं नाही, बाहेर थांबायचं, आणि गहाण काय द्यायचं ते त्या माणसानं स्वतः बाहेर आणून द्यायचं. मी कुठे गहाण आणायला चाललेय? मी मदत करायला चाललेय."

"मदत करायला चाललीस? मग हात रिकामे कसे?"

"रिकामे कुठे? तक्ता आहे की."

"तेच म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. सासूबाईंची हीच खोड होती. वाद अर्ध्यावर सोडायचा आणि समोरच्याला दिवसभर चघळायला लावायचं.

तक्त्यामागची हकीकत अशी. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत ख्रिस्ती मंडळीचं एक कपाट होतं. त्यात पीठ, तेल, साबण आणि लहान मुलांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे असत. ज्याला गरज असेल त्यानं यावं, पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना सांगावं, घेऊन जावं, अशी वर्षानुवर्षांची रीत. मग एका महिन्यात कपाटातले दोन डबे बाजारात विकायला आलेले कुणीतरी पाहिले, आणि समितीचे प्रमुख, ज्यांना सगळे औषधवाले म्हणत, त्यांनी बावीस प्रश्नांचा तक्ता छापून आणला. चौकातलं औषधांचं मोठं दुकान त्यांचं. "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी गोळी देत नाही, तर चौकशीशिवाय दूध का द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेबांना ते पटलं असं नाही, पण नाही म्हणणंही त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरोघरी जाऊन तक्ते भरायचं काम टिटवीकडे आलं. "ताई, तुमच्या नजरेतून सुई सुटत नाही," औषधवाले म्हणाले. त्या एका वाक्यावर टिटवी आठवडाभर हवेत होती.

क्रमांक चौदा ही पन्नाशीची एक बाई. राहायची बस आगाराच्या मागच्या गल्लीत, पंक्चरवाल्याच्या दुकानामागच्या एका खोलीत. लेक गेल्या वर्षी वारली, तिची दोन वर्षांची मुलगी हिच्या पदरात. महिन्याला दुधाचे दोन डबे न्यायची. अर्जात कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मिळेल ते.'

गुरुवारी टिटवी तिथे पोचली तेव्हा दार उघडंच होतं. बाई उंबऱ्यात आली, पण "या" म्हणाली नाही. टिटवीनं ते "या" स्वतःच गृहीत धरलं आणि आत पाऊल टाकलं.

खोलीला एकच खिडकी. खिडकीशी एक खुर्ची, बसून बसून तिची बैठक खोलगट झालेली. कोपऱ्यात चूल. खाटेवर नात पालथी पडली होती, अधूनमधून खोकत होती. ओला, खोल खोकला. टिटवीनं आपल्या लेकीचं तोंड चटकन खांद्याकडे फिरवलं आणि तिचा श्वास ऐकून घेतला. मग कामाला लागली.

"घरात माणसं किती?"

"दोन. ही आणि मी."

"बाहेरून कुणी पैसे पाठवतं?"

"कोण पाठवणार?"

खाटेमागच्या भिंतीवर एक पांढरी चादर पडद्यासारखी टांगलेली होती. टिटवीनं ती एका हातानं बाजूला केली.

"ते राहू द्या," बाई म्हणाली.

चादरीमागे ओळीनं सात खुंट्या होत्या आणि सात खुंट्यांवर सात कोट. उंची लोकर, रेशमी अस्तर, एकाला तर कातडी कॉलर. टिटवीच्या नवऱ्याकडेसुद्धा असा एक कोट नव्हता. तिनं बाईकडे पाहिलं. बाईनं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. तक्त्यात सोळावा रकाना होता, 'मौल्यवान वस्तू (वर्णनासह).' टिटवीनं एकेका कोटाचं वर्णन लिहिलं. रंग, कापड, बटणं. नजरेतून सुई सुटू द्यायची नव्हती.

"तुमच्या बाळाचं दुपटं खाली लोळतंय," बाई म्हणाली. "द्या माझ्याकडे, धरते."

टिटवीनं दुपटं दिलं आणि चुलीकडे वळली. डबे होते पाच. तिनं पाचांचीही झाकणं उघडली. एकात पीठ, एकात मीठ, दोन रिकामे, पाचव्यात दोऱ्याची रिळं. 'दोरे,' तिनं लिहिलं. बाई खिडकीशी खुर्चीवर जाऊन पाठमोरी बसली होती. टिटवीच्या मनात आलं, काय बाई आहे, पाहुणी घरात आणि ही खिडकीबाहेर बघत बसलीय! निघताना बाईनं घडी घातलेलं दुपटं तिच्या खांद्यावर ठेवलं. बाईच्या डाव्या तर्जनीवर काळे ठिपके दिसले, टिटवीला वाटलं मळ.

"या महिन्याचे डबे कधी मिळतील?"

"समिती ठरवेल," टिटवी म्हणाली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा ऐकूसुद्धा आलं नाही.

रविवारी उपासना आटोपल्यावर मागच्या खोलीत बैठक भरली. पाळकसाहेब तक्ते वाचत होते, औषधवाले शेरे मारत होते. क्रमांक चौदाच्या सोळाव्या रकान्यात 'कोट, सात' एवढं वाचल्याबरोबर खोलीत हशा पिकला.

"बाप्तिस्मा करणारा योहान काय सांगून गेला?" औषधवाले म्हणाले. "ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्यानं एक नसलेल्याला द्यावा. इथे तर सात निघाले! पाळकसाहेब, मला वाटतं आता आपणच क्रमांक चौदाकडे अर्ज करूया."

टिटवीही हसली. हे सांगायलाच हवं. ती हसली.

"वर्णन तरी ऐकू द्या," कुणीतरी म्हणालं. पाळकसाहेब वाचू लागले. "एक, काळा, कातडी कॉलरचा. दोन, तपकिरी, दुहेरी बटणांचा. तीन, राखाडी, जाड लोकरीचा, अस्तर जांभळं, शिंगाची चार बटणं, पैकी तिसरं जरा मोठं..."

औषधवाल्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. "तिसरं मोठं?"

"हो," टिटवी म्हणाली.

"ते माझ्या बायकोनं लावलंय! तिला तेव्हाच म्हटलं होतं, जुळणारं बटण मिळेपर्यंत थांब. तो माझा कोट आहे! आठ दिवसांपूर्वी चौकातल्या लाँड्रीत टाकलाय. त्या बाईच्या खुंटीवर तो गेलाच कसा?" ते उभे राहिले. खुर्ची मागे कलंडली. "चोरी! आपण तिच्या नातीला दूध पाजायचं आणि ती आपलेच कोट पळवणार!"

पाळकसाहेब म्हणाले, "आधी नीट विचारूया."

"विचारायचं काय? ताईंनी डोळ्यांनी पाहिलंय. लेखी दिलंय. हो ना ताई?"

सगळे टिटवीकडे बघत होते. "मी पाहिलं तेच लिहिलं," ती म्हणाली. खरं तर तिच्या मनात तेवढ्यातच दोऱ्यांचा डबा येऊन गेला होता. पण टिटवीचं ओरडणं सगळं घरात. बाहेरच्या चार माणसांत तिचा आवाज निघत नसे. क्रमांक चौदाचे डबे बंद झाले. समितीनं मतासाठी हात वर केले, त्यात तिचाही होता.

घरी येऊन तिनं लेकीला झोपवलं आणि सवयीनं दुपट्याचा कोपरा चाचपला. भोक सापडेना. तिला वाटलं, कोपरा चुकला. तिनं चारही कोपरे पाहिले. दुपटं उलटं केलं, खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. भोक नव्हतं. भोक होतं याची खूणही नव्हती.

"आई, हे तुम्ही शिवलंत?"

सासूबाईंनी चष्मा लावला, कापडावरून बोटाचं टोक फिरवलं. दोनदा फिरवलं. "माझ्या हातात एवढी कला असती तर मी इंजेक्शनं देत आयुष्य काढलं असतं का? हे रफूचं काम. धाग्यात धागा विणलाय. बघ, हातालासुद्धा लागत नाही. कुणाकडे टाकलं होतंस?"

टिटवीनं दुपटं परत हातात घेतलं. गुरुवारपासून रविवारपर्यंत, दिवसातून चार वेळा तो कोपरा तिच्या बोटांखालून गेला होता आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं. जिच्या नजरेतून सुई सुटत नाही, तिच्यासमोर एक बाई पाठमोरी बसून सुईनंच काम करून गेली होती आणि हिला दिसली होती ती फक्त पाठ.

"कोट तिचे नव्हतेच," ती म्हणाली. "लाँड्रीचे होते. रफूला आले होते."

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "गहाण आणायला चालले नाही म्हणालीस. आणलंसच की. तिची भाकरी उचलून आणलीस."

सोमवारी लाँड्री उघडायच्या वेळेला टिटवी दारात हजर होती. काचेच्या काउंटरमागे लाँड्रीवाला, त्याच्यामागे पिशव्यांत घातलेले कपडे छताशी टांगलेले. त्यात तो राखाडी कोट नव्हता.

"रफूचं काम तुम्ही कुणाकडून करून घेता?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे सगळं मशीनवर होतं, मॅडम."

"रफू मशीनवर?"

लाँड्रीवाल्याचा गोड चेहरा आंबट झाला. "तुम्हीच का त्या तक्तेवाल्या?" तो म्हणाला. "औषधवाले काल दुपारी घरी येऊन बोंबलून गेले. सकाळी सहाला मी त्या बाईकडून सातही कोट उचलून आणले, त्यांचा त्यांना पोचवला. संपला विषय."

"पण तिनं चोरी केलेली नाही! तुम्हीच दिले होते ना तिला?"

"आवाज खाली," तो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक साहेब लोक आहे. आपला कोट कुठल्या गल्लीत, कुठल्या खोकणाऱ्या पोराच्या उशाशी टांगला जातो हे त्यांना कळलं तर उद्या मला शटर ओढावं लागेल. तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. काम घरी ने, पण कुणाला कळता कामा नये, कुणाला घरात घ्यायचं नाही. घेतलं तिनं. भोगतेय."

"तिनं नाही घेतलं," टिटवी म्हणाली. "मी शिरले."

"मग तुम्ही द्या तिला काम," लाँड्रीवाला म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाला "बोला साहेब" म्हणून हसला.

पंक्चरवाल्याच्या मागची ती खोली. या वेळी दार बंद होतं. टिटवीनं कडी वाजवली. दार वीतभर उघडलं आणि तिथेच थांबलं.

"आत येऊ का?"

"का? एखादं झाकण राहिलं वाटतं उघडायचं?"

वाटेत टिटवीनं बरंच जुळवून आणलं होतं. "मी माफी मागायला आलेय," एवढंच निघालं.

"रकाना आहे का त्याला तक्त्यात?"

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी लिहीत होते तेव्हा एका शब्दानं जरी म्हणाला असतात..."

"तुम्ही विचारलंत का एका शब्दानं?" दाराच्या फटीतून बाईचा एकच डोळा दिसत होता आणि तो टिटवीवरून हलत नव्हता. "माणसं किती विचारलंत. पैसे कोण पाठवतं विचारलंत. हे कोट कुणाचे, हे नाही विचारलंत. ते बघितलंत. विचारणाऱ्याला सांगता येतं, ताई. बघणाऱ्याला काय सांगायचं? त्याला सगळं दिसलेलंच असतं."

आतून खोकल्याचा आवाज आला. टिटवीचा हात आपोआप आपल्या लेकीच्या तोंडाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"फिरवा, फिरवा तोंड," बाई म्हणाली. "त्या दिवशीही फिरवलंत. त्याचा राग नाही मला. आयांचं तसंच असतं. मीही फिरवते."

"औषध चालू आहे का तिचं?"

"औषधवाल्यांच्या दुकानातून आणू?"

"मी समितीला खरं सांगेन," टिटवी म्हणाली. "येत्या रविवारी. लाँड्रीवाल्याशी पण पुन्हा बोलेन."

"काही करू नका." बाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमच्या पाया पडते, काही करू नका. तुम्ही आलात, दूध गेलं. तुम्ही लिहिलंत, काम गेलं. आता खोलीचा मालक तेवढा राहिलाय. तुमचं चांगलं करणं आम्हाला झेपत नाही, ताई." आणि मग, दार लोटता लोटता, जरा खाली सुरात, "बाळाच्या बोटात अडकत होता तो दोरा. दिसला म्हणून शिवला."

दार लागलं.

तो आठवडा टिटवीनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. झोपेत दचकायची, उठून लेकीच्या नाकाशी हात धरायची, आणि मग दुसऱ्याच एका पोरीचा खोकला आठवत बसायची. खरं तर तेव्हाच जायला हवं होतं. डबे विकत घेऊन, उंबऱ्यावर ठेवून परत यायला हवं होतं. पण तिला वाटलं, आधी बाईच्या नावावरचा डाग पुसावा, मग ताठ मानेनं जावं. शिकलेल्या माणसाची ही एक वेगळीच चूक असते. त्याला आधी ठराव पास करायचा असतो.

रविवारी थंडी होती. औषधवाले तो राखाडी कोट घालून आले आणि पुढच्या रांगेत, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले. त्या दिवशीचा पाठ नेमका बायबलातल्या याकोबाच्या पत्रातला होता. उंची वस्त्रांतला माणूस आला की त्याला मानाची जागा देता आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवता, तो. पाळकसाहेबांनी तो जरा घाईघाईनं वाचून टाकला.

बैठकीत टिटवी उभी राहिली. या वेळी तिचा आवाज निघाला.

"हा कोट तुम्ही लाँड्रीत धुवायला टाकला होता की दुरुस्तीला?"

"बाही फाटली होती. गाडीच्या दारात अडकून. चांगली वीतभर," औषधवाले म्हणाले. "का?"

"कुठे? दाखवा ना."

औषधवाल्यांनी उजवी बाही पुढे केली. मग डावी. मग पुन्हा उजवी. चष्मा वर केला, खाली केला. शेजारच्यानं डोकं घातलं, त्याच्या शेजारच्यानं घातलं. पाळकसाहेबसुद्धा वाकले. कोटाच्या दोन बाह्यांवर सहा माणसं हुंगत होती आणि कुणालाही काही सापडत नव्हतं.

"क्रमांक चौदानं केलंय ते," टिटवी म्हणाली. "ती रफूवाली आहे. लाँड्रीवालाच तिला कोट घरी द्यायचा, आणि ते कुणाला कळू नये अशी तिला धमकी होती. तुम्ही जे अंगात घालून बसलाय ते तिचं काम आहे. जिला चोर म्हणालात, तिच्याच हातची बाही तुम्ही आत्ता पुढे केलीत."

क्षणभर वाटलं, जिंकली. पाळकसाहेबांचा चेहरा उजळलाही. पण औषधवाले दुकानदार माणूस, एक माल संपला की दुसरा काढणार.

"बरं झालं कळलं," ते बाही खाली करत म्हणाले. "म्हणजे बाई चोर नाही, खोटारडी आहे. हातात असा हुन्नर, काम चालू, आणि अर्जात काय? 'मिळेल ते.' नियम नऊ. माहिती लपवल्यास मदत बंद."

"ते काम आता गेलंय! आपल्यामुळे गेलंय!"

"मग नवीन अर्ज करू दे. नवीन चौकशी होईल."

"पुढच्या बैठकीत बघू ना," पाळकसाहेब म्हणाले. "सगळ्यांच्या संमतीनं..."

"पाळकसाहेब, तुम्हीच शिकवलंत," टिटवी म्हणाली. आता तिचा आवाज खरोखरच टिटवीसारखा कर्कश झाला होता. "गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करा, नाहीतर तो पांघरणार काय? सूर्य मावळायच्या आत! पुढच्या बैठकीत नाही! शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं उचलायला मागे फिरू नका, ती विधवेसाठी आणि पोरक्यासाठी राहू द्या. वेचायला येणारीला बावीस प्रश्न विचारा असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं आम्हालाही वाचता येतं," औषधवाले शांतपणे म्हणाले. त्यांनी क्रमांक चौदाचा तक्ता काढून तिच्यासमोर सरकवला. "हेही वाचा. खाली सही कुणाची आहे?"

सही तिचीच होती. सुवाच्य, लफ्फेदार, पहिल्या वर्गातल्या मुलीची.

टिटवी कपाटाकडे गेली. दुधाचे दोन डबे काढले आणि एक लेकीच्या पिशवीत, एक काखेत घेतला.

"ताई, ठराव झालेला नाही. याला चोरी म्हणतात."

"मग लिहून घ्या," ती म्हणाली. "वर्णनासह."

तिच्यामागे कुणी आलं नाही. दुपारच्या उन्हात ती आगाराच्या मागच्या गल्लीत पोचली. दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली आणि हाक मारली. "ताई, मी बाहेर उभी आहे. दूध आणलंय. तुम्ही बाहेर आलात तरच देते, नाहीतर इथे ठेवून जाते."

पंक्चरवाला हात पुसत आला.

"ती गेली की," तो म्हणाला. "कालच. चोरीबिरीचं काहीतरी मालकाच्या कानावर गेलं. पोरीला दुपट्यात गुंडाळलं, एक पिशवी आणि ती खुर्ची घेतली, निघाली. खुर्ची कशाला म्हटलं, तर म्हणे खिडकी कुठेही मिळेल, बसायला ही लागते."

"कुठे गेली?"

"सांगून जाण्यासारखं कोण होतं इथं?" तो म्हणाला. "पोरीला ताप होता एवढं खरं. दार उघडंच आहे. बघायचं तर बघा आत जाऊन."

टिटवी हलली नाही. जिथे उभी होती तिथून तिला भिंतीवरच्या सात खुंट्या दिसत होत्या आणि खिडकीखाली खुर्चीच्या चार पायांचे चार ठसे. आत कुणी नव्हतं, झाकणं नव्हती, तक्ता नव्हता. तरी उंबरा ओलांडायला तिचा पाय उचलेना. आत येऊ का असं ज्याला विचारावं, असं आता तिथं कुणी उरलं नव्हतं, आणि न विचारता ती पुन्हा शिरणार नव्हती. काखेतला डबा तिनं खाली ठेवला नाही. तो रिकाम्या खोलीसाठी नव्हता.

तेव्हापासून ती शोधते आहे. दोन गल्ल्या, चार गल्ल्या, आगारापलीकडची वस्ती. एकट्या टिटवीच्या पायांनी आभाळ किती पेलायचं? म्हणून आता हे तुम्हाला सांगणं. तुमच्या आसपास कुणी पन्नाशीची बाई नव्यानं राहायला आली असेल, डाव्या तर्जनीला सुईचे काळे ठिपके, सोबत दोन वर्षांची खोकणारी मुलगी आणि बैठक खोलगट झालेली एक जुनी खुर्ची, तर ती हीच. लाँड्रीत चौकशी करू नका, तिचं असलेलं काम जाईल. कोट कुणाचे विचारू नका. भिंतीकडे बघू नका. दूध घेऊन जा, उंबऱ्याबाहेर उभे राहा, हाक मारा, आणि ती बाहेर येईपर्यंत थांबा. आली की एवढंच विचारा, पोरीचा ताप उतरला का. आजच जा. सूर्य मावळायच्या आत.